ॲसिड मटण पचवतं, मग जठर स्वतः का पचत नाही?

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला मुलीचा: जठरातलं ॲसिड मटणाचे तुकडे विरघळवतं, तर ते जठरालाच का विरघळवत नाही? दुसरा तुमचा: आईला गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर चालू आहे, सोबत डॉक्टरांनी पित्ताची गोळी ‘पोटाच्या संरक्षणासाठी’ म्हणून लिहून दिली आहे, पण आईला पित्ताचा त्रास अजिबात नाही, मग ती घ्यायची कशाला? मी पोटविकारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतो आहे, आणि माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की आईच्या गोळीचं कारण निम्मं तिथेच कळतं. उरलेलं निम्मं आईच्या वयावर, जुन्या आजारांवर आणि बाकीच्या गोळ्यांवर अवलंबून आहे. त्याबद्दल मी इथून ठाम निकाल देऊ शकत नाही, पण काय बघायचं ते सांगू शकतो.

आधी ॲसिडची ताकद. जठराच्या अस्तरात असंख्य बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतल्या पॅरायटल पेशी हायड्रोक्लोरिक ॲसिड बनवतात. पेशीतून नुकतंच बाहेर पडलेल्या ॲसिडचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका लहान तितकं ॲसिड तीव्र) १ च्या आसपास असतो. रक्ताचा असतो ७.४. दोन आकड्यांतलं अंतर फारसं वाटत नाही, पण पीएचची एक पायरी म्हणजे दहा पटींचा फरक. तो हिशेब केला तर या ॲसिडमध्ये हायड्रोजन आयनांचं प्रमाण रक्ताच्या सुमारे २५ लाख पट निघतं. असा जठररस दिवसाला दीड-दोन लिटर तयार होतो.

मुलीला एक गोष्ट मात्र सांगा: मटण एकट्या ॲसिडने पचत नाही. ॲसिड प्रथिनांची घडी उलगडतं आणि उलगडलेलं प्रथिन कापायचं काम पेप्सिन हे विकर करतं. म्हणजे तिचा प्रश्न तिला वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण जठराचं अस्तरही प्रथिनांनीच बनलेलं असतं आणि पेप्सिनला आपलं-परकं कळत नाही. म्हणून पहिली खबरदारी माल तयार होतो तिथेच घेतलेली असते. पेशी पेप्सिन बनवतच नाही. ती पेप्सिनोजेन नावाचं निष्क्रिय रूप बनवते, आणि ते बाहेर ॲसिडमध्ये पडल्यावरच त्याचं पेप्सिन होतं. ॲसिड बनवणारे प्रोटॉन पंपही जेवण नसताना पेशीच्या आत दुमडून ठेवलेले असतात. आपण जेवायला बसलो की ते पृष्ठभागावर येतात आणि कामाला लागतात. हे पंप लक्षात ठेवा, आईच्या गोळीशी त्यांचा थेट संबंध आहे.

मुलीचा प्रश्न पोरकट मुळीच नाही. जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदाने १७७२ साली याच विषयावर निबंध वाचला होता. भरल्या पोटी अचानक मृत्यू आलेल्या धडधाकट माणसांच्या शवविच्छेदनात त्याला जठर विरघळून भोक पडलेलं दिसे. त्याने तर्क केला की जिवंतपणीच अस्तरात असं काहीतरी असतं, जे पचन रोखून धरतं, आणि मृत्यूबरोबर ते जातं. पुढे क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जिवंत बेडकाचा पाय कुत्र्याच्या जठरात बाहेरून पाडलेल्या छिद्रातून सोडून पाहिला. बेडूक जिवंत असतानाच पाय पचला. इंग्लंडमध्ये पेव्ही या डॉक्टरने सशाच्या कानावर तेच केलं आणि तेच झालं. म्हणजे नुसतं जिवंत असणं पुरत नाही. जठराकडे बेडकाच्या पायापेक्षा वेगळं काहीतरी आहे. पण हंटरचं निरीक्षणही खरंच होतं, मेल्यावर हे संरक्षण थांबतं. दोन्ही एकत्र ठेवली की उत्तराची दिशा मिळते: जठराचं संरक्षण हे एखादं टिकाऊ आवरण नाही, ते क्षणाक्षणाला चालणारं काम आहे, आणि त्या कामाला रक्त लागतं.

आता ते काम बघू. सगळ्यात वर म्यूकसचा थर असतो. अस्तराच्या पृष्ठभागावरच्या पेशी म्यूसिन नावाचं मोठ्या रेणूंचं प्रथिन बनवतात आणि ते स्वतःच्या आत घट्ट दाबून साठवतात. बाहेर सोडल्यावर ते पाणी शोषून फुगतं. सब्ज्याचं बी पाण्यात टाकल्यावर त्याच्याभोवती जसा पारदर्शक गर धरतो, तसा थर सगळ्या अस्तरावर पसरलेला असतो. जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. त्याचा वरचा भाग सैल असतो आणि अन्नाच्या घुसळणीत निघून जातो. खालचा भाग अस्तराला घट्ट चिकटून राहतो. दुर्बीण आत घातल्यावर निरोगी जठर गुलाबी, ओलं आणि चमकदार दिसतं; ती चमक याच थराची. कधी त्यावर फेस साचून अस्तर नीट दिसत नाही, तेव्हा आम्ही पाण्याचा झोत मारतो. फेस आणि सैल म्यूकस वाहून जातं, पण चमक जात नाही.

नुसता म्यूकस ॲसिडला फार काळ अडवू शकत नाही. हायड्रोजन आयन इतका लहान असतो की तो जेलमधून हळूहळू झिरपतोच. म्हणून त्याच पेशी म्यूकसच्या तळाशी बायकार्बोनेट सोडत राहतात, खाण्याच्या सोड्यात असतं तेच. वरून झिरपणारं ॲसिड आणि खालून येणारं बायकार्बोनेट या थरात भेटतात आणि ॲसिड निष्प्रभ होतं. थराच्या वर पीएच १-२ आणि खाली, पेशीला लागून, जवळजवळ ७. इतका फरक, तोही मिलिमीटरपेक्षा कमी अंतरात.

यातली खुबी अशी की बायकार्बोनेटचं प्रमाण ॲसिडच्या तुलनेत अगदी थोडं असतं. ते मोकळ्या जठररसात मिसळलं असतं तर एका क्षणात संपलं असतं. म्यूकसच्या जेलमध्ये ते ढवळलं जात नाही, जिथे हवं तिथेच साचून राहतं, म्हणून तेवढं थोडं पुरतं. पेप्सिनचा रेणू तर या जेलमधून सहजासहजी आत जाऊही शकत नाही. तो वरून थोडं थोडं म्यूकस कुरतडत बसतो, खालून नवीन येत राहतं. आणि पीएच ७ च्या आसपास तसंही पेप्सिन निकामी असतं.

मग ग्रंथीच्या तळाशी बनणारं ॲसिड हा थर ओलांडून वर कसं येतं, अशी शंका काही जण घेतात, आणि ती रास्त आहे. ग्रंथीतून ते दाबाने बाहेर येतं आणि म्यूकसमध्ये बारीक वाटा काढून वर निघून जातं. सगळीकडे पसरत बसत नाही. प्रयोगशाळेत म्यूसिनच्या द्रावणात दाबाने ॲसिड सोडलं, तेव्हा अशा बोटांसारख्या वाटा डोळ्यांनी दिसल्या आहेत.

म्यूकसच्या खाली पेशी. त्या एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मधल्या फटींतून ॲसिड आत शिरत नाही, आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे स्निग्ध रेणू पाणी व ॲसिड दूर ठेवायला मदत करतात. एवढं करूनही पेशी दुखावतात, रोज दुखावतात. एखादा कडक पापड, गरम चहा, दारूचा घोट, काहीही निमित्त होतं. तेव्हा शेजारच्या पेशी पसरट होऊन सरकतात आणि उघडी जागा झाकतात. यासाठी नवीन पेशी जन्माला यायची वाट बघावी लागत नाही; वरवरचा ओरखडा तास-दोन तासांत झाकला जाऊ शकतो. शिवाय ग्रंथींच्या मानेजवळच्या मूळपेशी सतत नवीन पेशी देत असतात, आणि पृष्ठभागावरचा पेशींचा थर साधारण ३ ते ५ दिवसांत बदलतो. मागच्या आठवड्यात तुमच्या जठराच्या पृष्ठभागावर असलेल्या पेशी आज तिथे नाहीत.

एंडोस्कोपी करताना आम्ही बारीक चिमट्याने अस्तराचा तुकडा तपासणीला घेतो. तिथून रक्ताचा एक ओघळ येतो, मिनिटभर झिरपतो, थांबतो. ही जखम ओरखड्यापेक्षा खोल असते, पण पेशंट त्याच दिवशी जेवतो, त्या जागेवर ॲसिड पडतं, आणि तरीही काही दिवसांत ती भरून येते. अंगाला ॲसिड लागलं तर काय होतं ते आठवा, म्हणजे हे केवढं विलक्षण आहे ते कळेल. मला अजूनही दर वेळी याचं अप्रूप वाटतं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी रक्तपुरवठा. पेव्हीने १८६३ मध्ये मांडलं होतं की अल्कधर्मी (ॲसिडच्या उलट गुणाचं) रक्त सतत खेळतं राहिल्यामुळे जठर वाचतं. ते पूर्ण उत्तर नव्हतं, पण त्याचा नेम बराच जवळ लागला होता. पॅरायटल पेशी जठरात जेवढे हायड्रोजन आयन सोडते, तेवढंच बायकार्बोनेट मागच्या बाजूने रक्तात सोडते. जठरातल्या केशवाहिन्या ग्रंथींच्या तळापासून पृष्ठभागाकडे वर जातात. त्यामुळे खाली तयार झालेलं हे बायकार्बोनेट वरच्या पेशींपर्यंत आयतं पोचतं, आणि त्या ते म्यूकसमध्ये सोडतात. ॲसिड जितकं जास्त बनेल तितकं त्याला मारणारं द्रव्यही आपोआप जास्त बनतं. जेवणानंतर रक्त आणि लघवी किंचित अल्कधर्मी होते, ती याच उलाढालीमुळे.

रक्त आटलं तर काय होतं ते अतिदक्षता विभागात दिसतं. मोठं भाजणं, डोक्याला जबर मार, रक्तदाब कोसळलेला जंतुसंसर्ग, कृत्रिम श्वासावर असलेला रुग्ण. यांपैकी अनेकांच्या जठरात ॲसिड वाढलेलं नसतं, तरी एक-दोन दिवसांत अस्तरावर बारीक व्रण दिसू लागतात. शरीर उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं, जठराच्या वाट्याला कमी येतं, बायकार्बोनेट घटतं, पेशी सरकत नाहीत, आणि नेहमीचंच ॲसिड घातक ठरतं. धोका जास्त असलेल्या अशा रुग्णांना आम्ही ॲसिड कमी करणारं औषध देतो ते यासाठीच.

इथे मला माझा मुख्य मुद्दा सांगायचा आहे. ‘माझं ॲसिड फार वाढलंय’ हे वाक्य मी रोज ऐकतो. पण जठराचा अल्सर, म्हणजे अस्तरावरचा व्रण, असलेल्या बहुतेकांचं ॲसिड साधारण असतं, काहींचं तर कमीही. ॲसिड नसेल तर अल्सर सहसा होत नाही, हे खरं. पण ते तर सगळ्यांकडेच आहे. ज्याला अल्सर झाला त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की अस्तराचं काम कोणी बिघडवलं? आणि उत्तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक निघतं: पेनकिलर किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू.

आता आईकडे येऊ. म्यूकस किती बनवायचं, बायकार्बोनेट किती सोडायचं, रक्तवाहिन्या किती उघडायच्या, ॲसिडला कधी आवर घालायचा, या सगळ्यांचे निरोप प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू देतात. १९७१ मध्ये जॉन वेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने दाखवलं की ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधं हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतात. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो या कामामुळे. गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन सूज आणि वेदना वाढवतात, म्हणून ते थांबले की बरं वाटतं. जठरात तेच संरक्षण चालवतात. गोळीला गुडघा आणि जठर यांत फरक करता येत नाही. याउलट, १९७९ मध्ये आंद्रे रोबेर या संशोधकाने उंदरांना आधी प्रोस्टाग्लँडिन दिलं आणि मग जठरात शुद्ध अल्कोहोल किंवा उकळतं पाणी सोडलं, तरी अस्तर मोठ्या प्रमाणात बचावलं. एवढी त्या रेणूची किंमत आहे.

यातून काही समजुती आपोआप गळून पडतात. ‘मी इंजेक्शन घेतो, पोटात काही जात नाही’, ‘माझी गोळी आतड्यात विरघळणारी आहे’, ‘मी नेहमी जेवूनच घेते’. जेवून घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, ते जरूर करा. पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन यांचा खरा परिणाम रक्तातून जठरापर्यंत पोचतो, मग औषध तोंडाने गेलं काय, दंडातून गेलं काय. ॲस्पिरिन तर याशिवाय थेटही इजा करते: जठराच्या ॲसिडमध्ये ती पेशीच्या पडद्यातून सहज आत जाते आणि आत गेल्यावर तिथेच अडकते.

तुमच्या आईची पित्ताची गोळी, बहुधा पँटोप्राझोल किंवा तिच्यासारखी, हे बिघडलेलं संरक्षण दुरुस्त करत नाही. ती वर सांगितलेले प्रोटॉन पंप बंद करते. पेनकिलरने अस्तराचं काम मंदावलंय, तर निदान त्याच्यावर पडणारं ॲसिड तरी कमी करू, असा तो हिशेब आहे. म्हणून ‘पित्ताचा त्रास नाही’ हे ती बंद करायचं कारण होत नाही. पेनकिलरचे अल्सर, विशेषतः वयस्कर माणसांत, अनेकदा दुखतच नाहीत, कारण पेनकिलर चालूच असते. पहिली खूण थेट रक्तस्राव असू शकते.

ती कधी घ्यायची हेही महत्त्वाचं. ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच पकडते, आणि पंप जेवणाने चालू होतात. म्हणून सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, म्हणजे नाश्त्याला पंप वर येतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. दुपारी जेवणानंतर पेनकिलरबरोबर एका घोटात दोन्ही घेणारे खूप पेशंट मी पाहतो. त्यांना गोळीचा पूर्ण फायदा मिळत नाही.

तिची गरज किती, हे मात्र परिस्थितीवर ठरतं. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर किंवा पोटातून रक्तस्राव झाला असेल, हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा एकाच वेळी दोन पेनकिलर पोटात जात असतील, तर मी ती आवर्जून देतो. चाळिशीतल्या निरोगी माणसाने मान आखडली म्हणून तीन दिवस पेनकिलर घेतली, तर सहसा देत नाही. पेनकिलर थांबली की ही गोळीही थांबवायची असते. ती वर्षानुवर्षं उगाच चालू ठेवली तर काहींना बी-१२ कमी पडतं, आणि बऱ्याच महिन्यांनी एकदम सोडली तर काही दिवस ॲसिड उसळून येतं. मग माणसाला वाटतं की आपल्याला गोळीवाचून चालतच नाही.

खरं तर गोळीच्या आधीचा प्रश्न हा आहे की आईला रोज पेनकिलर लागतेच का. गुडघ्याच्या झिजेला मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजन थोडं उतरवणं, वरून लावायचं जेल आणि योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल यांनी अनेकांचं भागतं. पॅरासिटामॉल जठराच्या प्रोस्टाग्लँडिनला फारसं हात लावत नाही. पित्ताची गोळी जठर सांभाळते. मूत्रपिंड, रक्तदाब आणि लहान आतडं यांना पेनकिलरपासून वाचवणं तिच्या हातात नाही.

जंतूबद्दल थोडक्यात. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन आपल्या जठराला सूज आलेली सिद्ध केली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो आणि म्यूकसमध्ये शिरून त्याच संरक्षित जागेत, पेशींना लागून राहतो. भारतात तो बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि बहुतेकांना काही करत नाही. पण जंतू आणि पेनकिलर एकत्र आले की धोका वाढतो. आईला पूर्वी कधी अल्सर झाला असेल तर त्याची तपासणी जरूर करून घ्या, आणि उपचार दिले तर अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका.

तुम्ही प्रश्नात आईचा ठेचा बंद केल्याचं लिहिलं आहे. तिखटाने अल्सर होतो याला आधार नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन थोड्या प्रमाणात जठरातल्या संवेदक नसांना चाळवतं आणि तिथला रक्तपुरवठा वाढवतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तिखटाने जळजळ होते ती बहुधा अन्ननलिकेत. तिच्याजवळ जठरासारखा म्यूकसचा थर नाही, त्यामुळे तिथे थोडं ॲसिड वर आलं तरी झोंबतं. आईला ठेचा खाऊन त्रास होत नसेल तर भाकरीबरोबर घेऊ द्या. दुधाचंही तसंच: पहिली काही मिनिटं बरं वाटतं, मग त्यातलं प्रथिन आणि कॅल्शियम जठराला आणखी ॲसिड बनवायला लावतं.

लक्ष कशावर ठेवायचं ते सांगतो. काळी, चिकट, उग्र वासाची शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकट आणि तसल्या वासाची नाही), उलटीत रक्त किंवा गडद तपकिरी कण, उठल्यावर चक्कर, कारण नसताना उतरलेलं वजन, गिळताना अडकणं. पहिल्या तीनपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रुग्णालयात जा. गेल्या वर्षभरात आईचं हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर ते करून घ्या. बारीक रक्तस्राव बाहेर न दिसता फक्त तिथेच दिसतो. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यांसकट. संधिवाताच्या पुड्या असतील तर त्याही. अशा काही पुड्यांत न सांगता स्टेरॉइड किंवा पेनकिलर मिसळलेली आढळते, आणि मग आई एक पेनकिलर घेते असं आपण समजत असतो, तेव्हा तिच्या पोटात प्रत्यक्षात दोन जात असतात.